शिपाई, त्याची कारभारीण आणि तंजावरची यादवी

तंजावरहून कुंभकोणमकडे निघालेल्या प्रवाशाला वाटेत पापनाशम् नावाचे गाव लागते. कुडमुरुट्टी नदीच्या पाण्यावर पोसलेल्या भातखाचरांनी ते वेढलेले आहे. गावाला लागून असलेल्या तिरुपालैत्तुरै येथील शिवमंदिराच्या आवारात विटांचे एक प्रचंड धान्यकोठार उभे आहे. ते वर्तुळाकार असून त्याचे छप्पर घुमटासारखे आहे. ते सतराव्या शतकाच्या पूर्वार्धात, नायक राजांच्या काळात बांधले गेले. तमिळ मुलखात धान्य मोजण्याचे ‘कलम’ नावाचे माप आहे. त्या मापाने तीन हजार कलम भात यात मावत असे. युद्धाचा इतिहास लिहिणारे किल्ले पाहतात, बुरूज मोजतात, तोफांचे गोळे शोधतात. प्रस्तुत लेखाचा आरंभ या कोठारापाशी करण्याचे कारण निराळे आहे. अठराव्या शतकात या वाटेने सैन्ये आली आणि गेली, त्या सर्वांना जे हवे होते ते अशा कोठारांत होते. आणि ज्या घरांतून शिपाई बाहेर पडले, त्या घरांनाही तेच हवे होते. युद्ध आणि घर यांची गाठ ज्या ठिकाणी पडते, ते ठिकाण बहुधा रणांगण नसते.

ही गाठ कुणी चित्रात बांधली आहे काय? पाश्चात्त्य कलासमीक्षेत सामान्य माणसांच्या नित्य जीवनाचे चित्रण करणाऱ्या चित्रप्रकाराला ‘झान्र’ असे म्हणतात. आपण त्याला जनजीवनचित्र म्हणू. देवदेवता, राजे आणि महायुद्धे हे या प्रकाराचे विषय नव्हेत. स्वयंपाक, बाजार, शेत, धंदा, सोयरीक हे त्याचे विषय. मराठ्यांच्या इतिहासात अशा चित्रांचा शोध घेऊ लागले, की दृष्टी महाराष्ट्र सोडून कावेरीच्या खोऱ्यात जाते. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात आणि एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात तंजावरच्या चित्रकारांनी शिपायाला त्याच्या पत्नीसह कागदावर उभे केले. त्या चित्रांत लढाई नाही. ती का नाही, आणि तिच्या नसण्यातून काय कळते, हा या लेखाचा विषय आहे.

प्रथम ‘यादवी’ या शब्दाविषयी थोडे सांगितले पाहिजे. परकीय शत्रूशी होणारे युद्ध आणि एकाच घरातील, एकाच देशातील माणसांनी एकमेकांवर शस्त्र उचलणे, यांतला भेद मराठी भाषेने या एका शब्दात साठवून ठेवला आहे. तंजावरच्या मराठी राज्याचा जन्मच यादवीच्या छायेत झाला. सतराव्या शतकाच्या आठव्या दशकाच्या मध्यास व्यंकोजी ऊर्फ एकोजीराजांनी तंजावर घेतले. १६७७ साली शिवाजीमहाराज दक्षिण दिग्विजयासाठी आले, तेव्हा कोलेरून नदीच्या परिसरात या दोन सावत्र बंधूंची भेट झाली आणि ती फिसकटली. महाराज माघारी फिरल्यावर दोघांच्या सैन्यांची प्रत्यक्ष लढाईही झाली. मराठ्यांविरुद्ध मराठे लढले. पुढे समेट झाला. त्यात एकोजीराजांच्या पत्नी दीपाबाई यांनी पतीची समजूत घातल्याचे सांगितले जाते. महाराजांनी बंगळूर व आसपासचा मुलूख त्यांना ‘चोळीबांगडी’साठी दिला. युद्धाच्या कागदात घर शिरले ते असे. मात्र ते राणीचे घर होते, म्हणून शिरले. त्या लढाईत पडलेल्या शिपायांच्या बायकांना कुणी चोळीबांगडी दिली की नाही, याबद्दल बखरकार मौन पाळतात.

पुढील शतकात भाऊबंदकी अधिक विषारी झाली. १७३६ साली तुकोजीराजे वारले आणि अवघ्या तीन वर्षांत गादीवर दुसरे एकोजी, त्यांच्या पत्नी सुजनाबाई आणि मग शहाजी नावाचा एक दावेदार अशी माणसे बसली व उठली. १७३९ मध्ये प्रतापसिंह राजे झाले. पदच्युत शहाजीने प्रथम फ्रेंचांना कारैकाल देऊ केले. १७४९ मध्ये त्याचाच पक्ष घेऊन इंग्रज चालून आले, त्यांनी देवीकोट्टै घेतले आणि तह करून शहाजीला वाऱ्यावर सोडले. त्याच वर्षी अर्काटच्या नबाबीसाठी चंदासाहेब आणि महंमद अली यांचा झगडा पेटला. चंदासाहेबाने तंजावरला वेढा दिला. १७५२ साली तोच तंजावरचा सेनापती मानोजी याच्या हाती सापडून मारला गेला. १७५८ मध्ये फ्रेंच सेनानी लाली तंजावरपुढे येऊन गेला. १७७३ मध्ये नबाब आणि कंपनी यांच्या फौजांनी तंजावर घेऊन तुळजाराजांना कैद केले. १७७६ मध्ये राज्य परत मिळाले. १७८१ मध्ये हैदर अलीच्या स्वाऱ्यांनी खोरे उजाड केले. १७८७ मध्ये तुळजाराजे गेले आणि त्यांचे दत्तक पुत्र सरफोजी व सावत्र बंधू अमरसिंह यांच्यात पुन्हा वारसाचा तंटा उभा राहिला. १७९८ मध्ये सरफोजी गादीवर आले. अमरसिंह कुंभकोणमपलीकडे तिरुविडैमरुदूर येथे, म्हणजे संस्कृतातील मध्यार्जुन क्षेत्री, राहावयास गेले. एक भोसले तंजावरात आणि दुसरा मध्यार्जुनात. दोघांना जोडणारी वाट पापनाशम् वरून जाते.

या सर्व झगड्यांना आधुनिक राज्यशास्त्राच्या काटेकोर अर्थाने यादवी म्हणावे की नाही, यावर विद्वानांचे दुमत होऊ शकेल. शिपायाच्या दृष्टीने मात्र प्रश्नच नव्हता. राजाच्या, नबाबाच्या, फ्रेंचांच्या आणि इंग्रजांच्या पलटणींत तीच तमिळ, तेलुगू, मराठी आणि दखनी मुसलमान घरांतील माणसे होती. पगार थकला की निशाण बदलत असे. समोरच्या फळीत आपला भाईबंद उभा असणे ही अपवादात्मक गोष्ट नव्हती.

हैदरच्या स्वारीनंतर खोऱ्यात दुष्काळ पडला. तंजावरच्या किल्ल्यातील शिबंदी उपाशी मरू लागली. पण शेतकरी धान्य विकावयास येईनात, कारण पूर्वी नेलेल्या धान्याचे पैसे त्यांना मिळाले नव्हते. अखेर श्वार्ट्झ या जर्मन पाद्र्याने स्वतः पैशाची हमी घेतली, तेव्हा बैलांवरून धान्य किल्ल्यात आले. ही हकीकत त्याच्या चरित्रकारांनी त्याच्या साधुत्वाचा पुरावा म्हणून सांगितली आहे. ती निराळ्या रीतीनेही वाचता येते. किल्ल्यातला शिपाई आणि बाहेरचा कुणबी यांच्यामधला विश्वास इतका तुटला होता, की तो सांधण्यास तिऱ्हाईत माणूस लागला.

आता चित्रांकडे वळू. तंजावर म्हटले की सोन्याचा वर्ख आणि काचमणी जडवलेली बाळकृष्णाची चित्रे आपल्या डोळ्यांपुढे येतात. त्याच नगरात, त्याच परंपरेत वाढलेल्या हातांनी दुसऱ्या प्रकारची चित्रेही काढली. कंपनीच्या अंमलदारांना या देशातील ‘जाती आणि धंदे’ यांची माहिती देणारे चित्रसंच हवे असत. चित्रकारांनी विलायती कागदावर जलरंगांत असे संच तयार केले. पुढे तिरुचिरापळ्ळीत तीच रीत अभ्रकाच्या पातळ पत्र्यांवरही उतरली. मदुरेत १८३७ साली तयार झालेला बहात्तर जातींचा असाच एक संग्रह आज अमेरिकेत येल विद्यापीठाच्या ग्रंथालयात आहे. तंजावरचे अनेक संच लंडनमध्ये ब्रिटिश लायब्ररी आणि व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालय येथे आहेत. चित्रकारांची नावे बहुतांशी मिळत नाहीत. त्यांच्यापैकी काहींना मुच्ची म्हणत. चामड्याचे काम आणि चित्रकला हे दोन्ही व्यवसाय करणाऱ्या आपल्याकडील जीनगर-चिताऱ्यांची येथे आठवण होते.

या संचांची मांडणी लक्षात घेण्याजोगी आहे. प्रत्येक पानावर बहुधा एक जोडपे असते. कुंभार आणि त्याची बायको, विणकर आणि त्याची बायको, ताडी काढणारा आणि त्याची बायको, ब्राह्मण आणि त्याची पत्नी. पायांखाली जमिनीचा पट्टा, मागे फिकट आकाश. कपाळावरचे गंध वा विभूती, पागोटे बांधण्याची तऱ्हा, लुगडे नेसण्याची पद्धत, दागिने, हातातले अवजार हे सर्व काळजीपूर्वक रेखाटलेले असते, कारण त्यावरून जात आणि धंदा ओळखायचा असतो. आणि याच मालिकेत शिपाईही आपल्या पत्नीसह उभा असतो. कंपनीच्या शिपायाच्या अंगावर लाल डगला, कमरेला आखूड पांढरी विजार, डोक्यावर निळे पागोटे, पाय उघडे, पायांत वहाणा. शेजारी लुगडे नेसलेली पत्नी. संस्थानी शिपायाचा वेष अर्थातच वेगळा. पण उभे राहण्याची रीत तीच.

या चित्रांचा पहिला विशेष असा, की शिपाई येथे वीर नाही. तो कुंभार आणि विणकर यांच्या पंगतीत बसलेला एक धंदेवाईक आहे. पोवाड्याने त्याला हत्तीवर बसवले असते, बखरीने त्याला आकड्यांत मोजले असते. या चित्रकाराने त्याला प्रपंचात उभे केले. माणसाचे एकक म्हणून त्याने एकटा पुरुष घेतला नाही, घर घेतले. यामागे चित्रकाराची काही थोर मानवतावादी दृष्टी होती, असे मानण्याचे कारण नाही. गिऱ्हाइकाला स्त्री-पुरुषांचे वेष एकाच पानावर हवे होते आणि त्याने ते दिले. परंतु मांडणीचा हेतू व्यापारी असला, तरी मांडणीतून निघणारा अर्थ तेवढ्यापुरता मर्यादित राहत नाही. मालिकेतील इतर जोडप्यांत धंद्याचे साहित्य बऱ्याचदा दोघांत विभागलेले असते. घडा तिच्या डोक्यावर, अवजार त्याच्या खांद्यावर. शिपायाच्या पानावर शस्त्र त्याच्याच हाती असते. त्याचा धंदा घराला पोसतो, पण तो घरात करता येत नाही. चित्रकाराने हे सांगितलेले नाही. त्याच्या मांडणीने ते आपोआप उघड केले आहे.

दुसरा विशेष लढाईच्या अभावाचा. अर्धशतकभर तुडवल्या गेलेल्या या प्रदेशात काढलेल्या चित्रांत जळालेले गाव नाही, जखम नाही, विधवा नाही. आकाश स्वच्छ आहे. येथे अभ्यासकाने सावध राहिले पाहिजे. ही चित्रे कंपनीच्या माणसांनी विकत घेतली. ज्या देशाची आपण आता व्यवस्था लावतो आहोत, त्याची ती नामावळी होती. नामावळीत दुःखाला रकाना नसतो. १७९९ च्या तहाने सरफोजीराजांकडे किल्ला, त्याचा परिसर आणि नेमणूक एवढेच उरले; मुलकी कारभार कंपनीकडे गेला. ज्याला लढण्यासाठी राज्यच उरले नव्हते, त्या मराठी शिपायाचे चित्र बाजारात विकले जाऊ लागले, ही गोष्ट केवळ योगायोगाची नाही. धंदा मोडू लागला, तेव्हा धंदेवाइकाचे चित्र संग्राह्य ठरले.

येथे एका दूरच्या यादवीशी तुलना उपयोगी पडेल. अमेरिकेत १८६१ ते १८६५ या काळात उत्तर आणि दक्षिण यांच्यात युद्ध झाले. त्या काळातील विन्स्लो होमर या चित्रकाराच्या १८६३ च्या सुमाराच्या एका चित्रात छावणीतले दोन सैनिक दुरून येणारे घराच्या आठवणीचे गाणे ऐकत स्तब्ध झाले आहेत. लिली मार्टिन स्पेन्सर या चित्रकर्तीने १८६६ मध्ये घरातला प्रसंग रंगवला: आई मांडीवर मूल घेऊन वर्तमानपत्रातली विजयाची बातमी वाचते आहे आणि मोठी मुले लुटुपुटूची कवायत करीत आहेत. दोन्ही चित्रांत युद्ध आणि घर यांच्यामध्ये अंतर आहे. सैनिक असतो तिथे घर नसते, घर असते तिथे सैनिक नसतो. गाणे, पत्र वा वर्तमानपत्र ते अंतर ओलांडते. शेतातून उठून गेलेला आणि शेतात परतणारा नागरिक-सैनिक हा त्या चित्रांचा नायक आहे. होमरच्याच १८६५ मधील एका चित्रात तो लष्करी अंगरखा बाजूला टाकून गव्हाची कापणी करताना दिसतो.

तंजावरच्या पानावर हे अंतर नाही. हे चित्रकाराचे अज्ञान म्हणावे काय? तसे म्हणता येत नाही. मद्रासच्या पलटणींत शिपायांची कुटुंबे पलटणीबरोबर राहत आणि तिच्याबरोबर मुक्काम हलवीत, ही सर्वज्ञात गोष्ट आहे. छावणीच्या कडेला त्यांच्या वस्त्या उभ्या राहत. बायकामुले, म्हातारी माणसे, सगळा बारदाना मागोमाग चाले. म्हणजे शेजारी उभी असलेली पत्नी ही काही प्रमाणात खरीच होती. मात्र त्याचा अर्थ असाही होतो, की युद्धापासून दूर असे तिचे घर कुठे उरलेच नव्हते. अमेरिकन चित्रातील आई बातमी वाचते. मद्रासी शिपायाच्या बायकोला बातमीची वाट पाहावी लागत नसे, ती तिच्या दारातच घडत असे.

याचे सर्वांत दारुण उदाहरण वेल्लोर येथील आहे. १८०५ च्या अखेरीस मद्रासच्या सेनापतींनी नवा नियम काढला. कवायतीच्या वेळी कपाळावर गंध-विभूती लावू नये, दाढी काढावी, मिशा ठराविक बेताने ठेवाव्यात आणि चामड्याचा तुरा असलेले नवे पागोटे घालावे, असे त्यात होते. शिपायांना ते पागोटे फिरंग्यांच्या टोपीसारखे वाटले. ते घातले तर घरचे व जातभाई आपल्याला वाळीत टाकतील, आपल्या हातचे पाणी कुणी घेणार नाही, ही भीती त्यांच्यात पसरली. ‘टोपीवाला’ म्हणून त्यांची हेटाळणी होऊ लागली. १० जुलै १८०६ च्या पहाटे वेल्लोरच्या किल्ल्यात उठाव झाला. अर्काटहून आलेल्या घोडदळाने तो त्याच दिवशी चिरडला आणि शेकडो शिपाई मारले गेले. टिपूच्या मुलांचे तेथील वास्तव्य आणि थकलेले हक्क यांसारखी कारणेही इतिहासकारांनी चर्चिली आहेत, आणि ती योग्यच आहेत. तथापि तंजावरची चित्रे पाहून झाल्यावर हा प्रसंग पुन्हा वाचावा. चित्रकाराने गिऱ्हाइकासाठी जे तपशील बारकाईने टिपले होते, म्हणजे कपाळावरची खूण आणि पागोट्याची घडी, नेमके तेच तपशील हुकमाने पुसायला सांगितले होते. साहेबाच्या संग्रहात ती खूण माहिती होती. शिपायाच्या कपाळावर ती घरी परतण्याची परवानगी होती. लाल डगला त्याने घातला, बंदूक घेतली. डोके आणि कपाळ तेवढे घराचे राहू द्या, एवढेच त्याचे म्हणणे होते. डगल्याच्या वर बांधलेले पागोटे आणि डगल्याखालचे उघडे पाय यांतून चित्रातला शिपाई ही वाटणी आजही दाखवतो.

त्याच काळात, १८०३ साली, सरफोजीराजांनी तंजावरच्या बृहदीश्वर मंदिराच्या भिंतींवर भोसले वंशाचा इतिहास मराठीत कोरवून घेतला. एवढा प्रदीर्घ मराठी शिलालेख अन्यत्र मिळणे कठीण. त्यात वंशावळ आहे, पराक्रम आहेत, स्वाऱ्या आणि तह आहेत. राज्य हातचे गेल्यावर राजाने आपल्या घराण्याची स्मृती दगडावर ठेवली, हे समजण्याजोगे आहे आणि मराठी वाचकाचा कंठ तेथे दाटून येतो, हेही खरे. परंतु ज्यांच्या बळावर त्या स्वाऱ्या झाल्या, त्यांची स्मृती दगडावर नाही. ती अभ्रकाच्या फुटणाऱ्या पत्र्यावर आणि परदेशी विकल्या गेलेल्या कागदावर आहे, तीही नावांवाचून.

ती नावे कुठेच नाहीत असे मात्र नाही. तंजावर दरबारचे मोडी कागद हजारोंच्या संख्येने उरले आहेत. सरस्वती महाल ग्रंथालयाने ते सांभाळले आणि तंजावरच्या तमिळ विद्यापीठाने त्यांतील निवडक कागदांची तमिळ भाषांतरे प्रसिद्ध केली. या कागदांत पगार, नेमणुका, धर्मादाय, छत्रांचा खर्च अशा रोजच्या व्यवहारांचे हिशेब आहेत. आपल्याकडे मोडी कागद वाचणारा इतिहासकार चित्र पाहत नाही आणि चित्र पाहणारा कलासमीक्षक मोडी वाचत नाही. चित्रात चेहरा आहे पण नाव नाही. हिशेबात नाव आहे पण चेहरा नाही. हे दोन्ही एकाच माणसाबद्दल बोलत आहेत, अशी निदान शंका तरी घेऊन अभ्यास व्हावयास हवा. साहित्याच्या विद्यार्थ्याला हे काम परके वाटू नये. ज्या भाषेत चोळीबांगडी, शिबंदी, बारदाना, कारभारीण हे शब्द शेजारी शेजारी नांदतात, त्या भाषेने युद्ध आणि घर यांना फार पूर्वीच एकत्र पाहिले आहे.

१८५५ साली शिवाजीराजे पुत्रहीन वारले आणि कंपनीने तंजावरची गादी खालसा केली. दरबारी शिपायाचे काम संपले. त्याचे घर मात्र संपले नाही. तंजावर आणि कुंभकोणमच्या परिसरात मराठी भाषक कुटुंबे राहिली. बाहेर तमिळ आणि घरात आपली वेगळ्या वळणाची मराठी बोलत ती पिढ्यान्‌पिढ्या जगली. तलवार गेली, दफ्तरे कपाटात गेली, मोडी वाचणारे विरळ झाले. भाषा टिकली ती स्वयंपाकघरात, मुलाला जेवायला हाक मारताना, सुनेला काही सांगताना. म्हणजे शिपायाच्या पानावर शेजारी उभ्या असलेल्या, हाती शस्त्र नसलेल्या त्या स्त्रीने जे सांभाळले, तेच शेवटी उरले.

पापनाशम् चे कोठार आज संरक्षित वास्तू आहे. भोवती भाताची पिके डोलतात आणि कुंभकोणमची गाडी जवळून जाते. या वाटेने गेलेल्या सैन्यांची गणती इतिहासकारांनी केली आहे. त्या सैन्यांमागून, डोक्यावर बोचके आणि कडेवर मूल घेऊन, किती स्त्रिया याच वाटेने चालत गेल्या, ती गणती अजून व्हावयाची आहे. आणि ती करताना तंजावरच्या अनाम चित्रकाराचे ते पान शेजारी उघडे ठेवावे लागेल.